नागपुरात जुनी स्विस घड्याळं जमवायची तर: आधी डायल, मग मशीन, नाव शेवटी

जुन्या घड्याळांचा नाद लागला की प्रत्येकाला पहिल्यांदा रोलेक्सच हवं असतं. हवं असू द्या, पण सुरुवात तिथून करू नका. आपल्याकडे जुनं स्विस घड्याळ ही काही दुर्मिळ चीज नाही. क्वार्ट्झ यायच्या आधी चांगलं मनगटी घड्याळ म्हणजे स्विसच, आणि ती इथे भरपूर विकली गेली. दुर्मिळ आहे ती कोणी न रंगवलेली डायल, पॉलिशच्या चाकावर न झिजलेली केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, आणि त्याच केसमध्ये पहिल्यापासून बसलेलं मशीन, म्हणजे आतली यंत्रणा. ही तिन्ही एकत्र मिळाली तर साधं फेवर-ल्यूबाही संग्रहात मानानं बसतं. न मिळाली तर मोठं नावही शोभेपुरतंच.

काय जमवायचं ते आधी ठरवा

नागपूर आधी मध्य प्रांताची, म्हणजे सीपी अँड बेरारची, आणि 1950 ते 1956 त्यातूनच झालेल्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालय, हायकोर्ट, रेल्वे, 1877 पासूनची एम्प्रेस मिल आणि पलीकडे कामठीची छावणी. घड्याळ बांधून कामावर जाणारे लोक या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यामुळे इथल्या घरांतून काय निघतं, याचा अंदाज बांधता येतो.

पहिलं नाव वेस्ट एंड वॉच कंपनीचं. नाव इंग्रजी, घड्याळं स्वित्झर्लंडची आणि मुख्य बाजार हिंदुस्थानचा. कंपनीचा जन्मच 1886 साली मुंबईतला. सोवार, सोवार प्रायमा, क्वीन ॲन, सेकंडस ही तिची मॉडेलं. सोवार प्रायमात 1934 साली इन्काब्लॉक आलं, म्हणजे बॅलन्सच्या, मागेपुढे झोके घेऊन वेळ राखणाऱ्या चाकाच्या, नाजूक टोकांना धक्का सोसणारी स्प्रिंगची बैठक मिळाली, आणि घड्याळ हातातून पडलं तरी टिकायला लागलं. लष्करात ही घड्याळं चालली ती अशा टिकाऊपणामुळेच.

दुसरं फेवर-ल्यूबा. मूळ 1737 सालापासून स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावचं, आणि मुंबईत 1865 पासून. आपल्या आजोबांच्या पिढीला हे घड्याळ जवळजवळ देशी वाटायचं. सी चीफ आणि सी किंग ही चावीची घड्याळं आजही सहज मिळतात. डायलवर ‘ट्विन पॉवर’ लिहिलेलं मिळालं तर थांबून बघा, त्यात एकाऐवजी दोन मेनस्प्रिंगचं, म्हणजे चावीनं आवळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं, कंपनीचं स्वतःचं मशीन असतं. त्याच विचारातून निघालेलं पातळ ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं, म्हणजे ड्युओमॅटिक. 1962 चं बिव्हॅक हवेच्या दाबावरून उंची दाखवायचं. ते खरोखर दुर्मिळ, आणि त्यामुळेच त्याच्या नावावर वाट्टेल ते विकलं जातं.

यांच्याबरोबर कॅमी, रोमर, हेन्री सँडोझ, एनिकार, टिटोनी, सायमा, ओरिस. एक पायरी वर टिसो, मोवाडो, लाँजिन्स, ओमेगा.

यातली एक वाट पकडा. फक्त वेस्ट एंड, किंवा फक्त चावीची फेवर-ल्यूबा, किंवा एकाच कॅलिबरची, म्हणजे एकाच मॉडेलच्या मशीनची, वेगवेगळ्या नावांची घड्याळं. एकाच जातीची घड्याळं पुन्हा पुन्हा हाताळली की खोटं आपोआप खुपायला लागतं. दिसेल ते उचलणाऱ्याकडे खोकी भरतात, नजर तयार होत नाही.

हत्यारं थोडीच लागतात

दहापट दाखवणारं भिंग, छोटा अतिनील टॉर्च, साधं होकायंत्र, व्हर्नियर कॅलिपर आणि मोबाइलमध्ये टाइमग्राफरचं, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं, ॲप. एवढं खिशात मावतं. मागचं झाकण उघडायची हत्यारं सुरुवातीला घेऊच नका. दाबून बसवलेलं झाकण, आट्यांचं झाकण आणि काच काढून समोरूनच उघडणारी केस, हे तिन्ही प्रकार ओळखू येईपर्यंत ते काम घड्याळवाल्याकडून करून घ्या. झाकणावर सुरी घसरल्याची खूण कायमची राहते, आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पहिली दिसते.

शोधायचं कुठे

सगळ्यात चांगली घड्याळं दुकानात नसतात, घरात असतात. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, लग्नात सासऱ्यानं दिलेलं, बंद पडल्यावर कपाटात ठेवून दिलेलं. अशा घड्याळाला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून ते मोलाचं. आपल्याला नाद आहे हे नातेवाइकांत, ऑफिसात, सकाळी फिरायला येणाऱ्यांत माहीत असू द्या. एखाद्या काकूंनी काकांचं घड्याळ पुढे केलं तर काय आहे आणि साधारण काय किमतीचं आहे ते खरं सांगा, आणि दोन दिवस विचार करायला द्या. नागपूर कितीही वाढलं तरी अशा बाबतीत गावच आहे. एकदा नाव खराब झालं की पुढची कपाटं उघडत नाहीत.

मग सीताबर्डी, सदर, महाल, इतवारीतले जुने दुरुस्तीवाले. यांच्याकडे न्यायला कोणी न आलेली घड्याळं आणि सुट्या मशिनींचे डबे असतात. विकत घ्यायला गेल्यासारखं जाऊ नका. आपलं एखादं घड्याळ सफाईला द्या, बसा, काम बघा. गिऱ्हाइकी जमली की डबा पुढे येतो. पण हेच काका प्रेमानं म्हणतील, “भाऊ, डायल पार काळी पडली ना, नवी करून देतो, चकाचक होऊन जाईन!” तेव्हा हात जोडून नाही म्हणा. डागाळलेली मूळ डायल ठेवायची, चकाचक नको.

इतवारीच्या सराफ्यातून सोन्याचं घड्याळ मिळेल ही आशा फारशी धरू नका. सोन्याच्या केसा वजनावर मोडून वितळवल्या गेल्या, मशीन तेवढी सुटी उरली. सोन्याच्या केसमधलं अखंड जुनं घड्याळ म्हणूनच कमी दिसतं. मिळालं तर केसच्या आत स्विस ठसा शोधा. 18 कॅरेटला स्त्रीचं मस्तक, 14 कॅरेटला खार. ‘20 मायक्रॉन’ किंवा ‘प्लाके’ असं लिहिलेलं असेल तर तो सोन्याचा मुलामा आहे, सोनं नाही. ठशावर विसंबून पैसे मोजू नका, सराफाकडून कस बघून घ्या.

डायल: इथे वेळ घालवा

भारतातून जाणाऱ्या रंगवलेल्या, जोडाजोडीच्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नावात मुंबई असली तरी ती सगळीकडे मिळतात. भगवी, निळी, पोपटी डायल, मधे मोठ्ठा लोगो, किंमत मोहात पाडणारी. स्विस कंपन्यांनीही रंगीत डायली काढल्या होत्या, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. बघायचं असतं छपाईकडे.

घड्याळ खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटखाली नको. भिंग लावून आधी सहाच्या आकड्याखाली बघा. तिथे ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ अगदी बारीक अक्षरांत, डायलच्या कडेच्या गोलाईनं, सहाच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटून छापलेलं असतं. कधी ते केसच्या कडेखाली अर्धवट दडलेलं असतं, ते चालतं. रंगवलेल्या डायलवर ते गायब असतं, किंवा सरळ रेषेत वर सरकलेलं, किंवा वरच्या नावाएवढ्या जाड अक्षरांत. मग मिनिटांच्या रेघा मोजल्यासारख्या एकेक बघत फिरा. कारखान्यातली रेघ सारख्या जाडीची, सारख्या अंतराची आणि टोकाला धारदार असते. हातानं केलेल्या कामात कुठेतरी दोन रेघा जवळ आलेल्या दिसतातच. नंतर सेकंदाच्या छोट्या वर्तुळाकडे या. त्याचा मध्य आणि काट्याची खुंटी एकाच जागी आहे का? वर्तुळ किंचित बाजूला सरकलं असेल तर तिथेच थांबा.

आकडे धातूचे, वरून बसवलेले असतील तर त्यांच्या पायाशी बघा. नवा रंग फवारताना तिथे तो साचतो आणि आकड्याभोवती बारीकशी कड उठते. कंपनीच्या नावातली बारीक अक्षरं, विशेषतः अक्षरांची निमुळती टोकं, मूळ छपाईत तुटत नाहीत. घासून पुन्हा छापलेल्यात ती पसरट किंवा आखूड होतात. दुरुस्तीवाला डायल काढून दाखवायला तयार असेल तर कडेला रंगाचे ओघळ आणि मागच्या बाजूला ताजे ओरखडे आहेत का तेही बघून घ्या.

काटे आणि डायल यांचं वय जुळलं पाहिजे. आपण सरसकट ज्याला रेडियम म्हणतो तो अंधारात चमकणारा लेप काट्यांवर पिवळट-तपकिरी आणि आकड्यांवर पांढराशुभ्र असेल तर दोहोंपैकी एक नंतर आलंय. टॉर्च मारून विझवा. लेप नंतरही बराच वेळ झगमगत राहिला तर तो अलीकडे भरलेला आहे, जुन्याचा जोर केव्हाच गेलेला असतो. उलट, काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेले असतील तर रेडियममुळे डायलवर त्यांची तांबूस सावली उमटते. नवखे तिला डाग समजून भाव पाडून मागतात. मी ती सावली असलेलं घड्याळ आधी उचलीन, कारण ती डायल फार पूर्वीपासून तशीच असल्याचा तो पुरावा आहे.

एक अपवाद. घड्याळ तुमच्या वडिलांचं असेल आणि डायल त्यांनीच रंगवून घेतली असेल तर खुशाल वापरा. हे सगळे निकष विकत घेण्यासाठी आहेत.

मशीन उघडून बघितल्याशिवाय पैसे नाहीत

झाकण उघडलं की तीन गोष्टी. पहिली, नाव. ओमेगाच्या मशीनवर कंपनीचं नाव, ओमेगाचं चिन्ह आणि सिरियल क्रमांक हवेच. त्या क्रमांकावरून साल काढता येतं, सुमारे 1 कोटी 10 लाखांच्या आसपासचे क्रमांक 1947 चे. चाळीस ते साठच्या दशकांतल्या ओमेगाच्या मशीनचा रंगही तांबूस असतो. झाकणाच्या आत त्रिकोणातला कंपनीचा ठसा बघा, आणि जुनी मूळ प्लास्टिकची काच असेल तर तिच्या बरोबर मध्यावर भिंगाखाली दिसेल-न दिसेल इतकं छोटं ओमेगाचं चिन्ह शोधा. डायलवर ओमेगाचं सीमास्टर हे मॉडेल आणि आत एचएमटीचं मशीन, असंही निघतं. एचएमटीचं मशीन वाईट नाही, पण बंगळूरला 1961 साली तो कारखाना उभा राहिला तो जपानच्या सिटिझनच्या मदतीनं. त्याचा स्विस घड्याळाशी संबंध नाही.

लहान कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्या मशीन बाहेरून घ्यायच्या, आणि त्यात काही खोट नाही. बॅलन्स व्हीलच्या खाली किंवा शेजारी तळपट्टीवर भिंगानं बघा. एएस, एफएचएफ, ईटीए, युनिटस, पेसो अशी मशीन बनवणाऱ्या कारखान्याची खूण आणि एक क्रमांक सापडतो. तो क्रमांक नेटवर टाकला की मशीनची माहिती मिळते, आणि मुख्य म्हणजे सुटे भाग मिळतील का तेही कळतं. एफएचएफ 96 सारखं मशीन असेल तर निर्धास्त घ्या, भाग मिळत राहतात. ज्याचं नावच कुठे सापडत नाही असं मशीन सुरुवातीला नको.

दुसरी गोष्ट गंज. चावीच्या दांड्यापाशी तपकिरी डाग म्हणजे पाणी तिथून शिरलेलं आहे. आणि तिसरी, स्क्रू. त्यांच्या खाचा चिंबलेल्या असतील तर आत अनेक हात फिरलेत. 17 ज्वेल लिहिलेलं आहे पण मशीनवर लाल खडे दोन-तीनच दिसतात, आणि आवाज खडखडीत येतो, असं असेल तर ते स्वस्तातलं पिन-लिव्हर, म्हणजे लिव्हरला खड्यांऐवजी धातूच्या पिना असलेलं, मशीन असण्याची शक्यता मोठी. ते सोडून द्या.

मग चावी द्या. ती गुळगुळीत फिरली पाहिजे आणि शेवटी हळूच अडली पाहिजे. मोबाइल शांत जागी घड्याळाला टेकवून टाइमग्राफर लावा. जुनी मशीन बहुधा तासाला 18,000 ठोक्यांची, नंतरची 21,600 ची. पूर्ण चावीवर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, 270 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, 200 च्या खाली असेल तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करून बोला. डायल वर आणि डायल खाली अशा दोन्ही स्थितींत बघा. दोन्हींत मोठा फरक पडला तर बॅलन्सची टोकं झिजली असावीत. घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल तर घाबरू नका, होकायंत्र जवळ धरा. सुई थरथरली तर नुसतं चुंबकत्व चढलंय, दुरुस्तीवाला ते काही सेकंदांत उतरवतो.

केसबद्दल थोडक्यात. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर स्टील फक्त मागेच आहे, बाकी केस बहुतेक क्रोम चढवलेलं पितळ. पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कडा धारदार असाव्यात, साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर केस घासलेली आहे. झाकणावर कोरलेलं नाव, तारीख, ऑफिस असेल तर ते मुळीच पुसू नका. पूर्वी अशा घड्याळांचा भाव उतरायचा, मला तरी तीच जास्त आवडतात.

नेटवरून घेताना

विक्रेत्याकडे चार फोटो मागा: डायल समोरून, मशीन, झाकणाची आतली बाजू, आणि केस बाजूनं. “झाकण उघडता येत नाही” हे उत्तर आलं की विषय संपला. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त वाटलेलं महागात पडतं. लाँजिन्स असेल तर सिरियल क्रमांक पाठवून कंपनीच्या जुन्या नोंदींतून माहिती मागवता येते. महाग घड्याळाच्या बाबतीत ती आधी मागवा, मग पैसे द्या.

सर्व्हिसिंग

जुनं घड्याळ घेतलं की चालत असलं तरी आधी सफाई. वाळलेल्या तेलावर ते चालवणं म्हणजे खुंट्या घासून घेणं. दुरुस्तीवाल्याला एकच विचारा: मशीन पूर्ण खोलणार का? झाकण उघडून पेट्रोलनं धुऊन वर तेलाचे थेंब टाकणं याला बरेच जण सर्व्हिसिंग म्हणतात. ते नको. प्रत्येक भाग सुटा, धुतलेला, जागेनुसार वेगळं तेल आणि मेनस्प्रिंगला वेगळं ग्रीस, असं काम करणारा माणूस नागपुरात सापडतो, फक्त तो घाई करत नाही. देताना चिठ्ठीवर लिहून द्या: डायलला हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही, बदललेले भाग परत द्यायचे. देण्याआधी मशीनचा फोटो काढून ठेवा. मेनस्प्रिंग, काच, चावीचा दांडा हे बदलले तरी चालतात. काटे आणि चावी बदलायची वेळ आली तर जुनी जपून ठेवा. नियमित वापरातल्या घड्याळाला पाचेक वर्षांनी पुन्हा सफाई.

प्लास्टिकच्या काचेचे बारीक ओरखडे ब्रासोनं घरी निघतात. तेवढं एक काम खुशाल करा.

रेडियम, नवतपा आणि कूलर

साठच्या दशकापर्यंत काट्यांवर खरं रेडियम असायचं. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे 1,600 वर्षं. चमक गेली तरी किरणोत्सार गेलेला नाही. काच बंद असताना घड्याळ अधूनमधून वापरायला अडचण नाही, पण उघड्या डायलवरचा लेप खरवडू नका, फुंकर मारू नका, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. अशी घड्याळं झोपायच्या खोलीत ढिगानं ठेवू नका. डायलवर ‘टी स्विस मेड टी’ असेल तर तो नंतरचा, सौम्य किरणोत्सारी ट्रिटियम, साडेबारा वर्षांच्या आत अर्धा होणारा, त्याची एवढी काळजी नको.

आपल्या हवेचं सांगायचं तर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवलं की तेल जागा सोडतं आणि रबराची रिंग कडक होते. पण त्याहून जास्त नुकसान कूलर करतो. बाहेर पारा पंचेचाळिशीवर, हवा कोरडी, आणि आपण घड्याळांचा डबा ठेवतो नेमका कूलरच्या झोतातल्या टेबलावर, जिथे रात्रभर दमट हवा फिरते. डबा कूलर नसलेल्या खोलीत, बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पावसाळ्यात पुड्या बदला. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं आहे म्हणून जुनं घड्याळ पावसात नेऊ नका, हात धुतानाही काढा. उन्हाळ्यात चामड्याऐवजी नायलॉनचा पट्टा लावा, घामानं शिंगांच्या आतल्या बाजूला खड्डे पडतात.

चावी सकाळी ठरल्या वेळी द्या, अडली की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख हातानं बदलू नका, तेव्हा दाते गुंतलेले असतात.

नोंदवही

प्रत्येक घड्याळाला एक पान. कुठून आलं, कोणाचं होतं, किती दिले, कॅलिबर, सिरियल क्रमांक, केसचा व्यास, सफाईची तारीख, सफाईआधीचं आणि नंतरचं टाइमग्राफरचं माप, बदललेले भाग. मागचं झाकण उघडं असतानाचा एक फोटो चिकटवा. घराण्यातून आलेल्या घड्याळाची हकीकत देणाऱ्याच्या शब्दांत तिथल्या तिथे लिहून घ्या. विकताना हेच पान भाव देतं. आणि वहीची एक प्रत, किमतींसकट, घरातल्या कोणाकडे तरी असू द्या. काळपट डायलीचं बंद घड्याळ दिवाळीच्या सफाईत भंगारात जायला वेळ लागत नाही.